पत्त्याने नव्हे, नावाने जोडलेली बावखलं

फिलोमिना टीचरना मी पहिल्यांदा भेटलो ते गोखिवऱ्यातल्या छपाईच्या दुकानात. तिथे मी पुस्तकांची पानं जुळवत असे. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या टीचर भुईगावच्या बावखलांवरचे, म्हणजे वाड्यांमध्ये पावसाचं पाणी साठवणाऱ्या जुन्या तळ्यांवरचे, आपले लेख घेऊन आल्या होत्या. पडद्यावर एका लेखातल्या नावावर बोट ठेवलं की त्यावरचा दुसरा लेख उघडावा, अशी त्यांची इच्छा होती. मी तसे दुवे करून दिले. दुसऱ्याच दिवशी त्या पेन ड्राइव्ह घेऊन परत आल्या.

"बाळा, तुझे दुवे दुकानाच्या बाहेर पडत नाहीत रे. लाजतात."

दुव्यांत मी दुकानातल्या संगणकावरचे पत्ते टाकले होते. टीचरनी स्टूल ओढलं.

"आमच्या गावात घर शोधताना काय विचारतोस? नंबर?"

"नाही, घराण्याचं नाव."

"का?"

"नंबर बदलतात."

"मग लेखालाही नाव दे. दुव्यात तेवढंच लिही. घर कुठे आहे, ते ज्या त्या ठिकाणाने सांगावं."

त्या दिवसापासून टीचरांच्या प्रत्येक लेखाला कायमचं नाव मिळालं. तेच नाव संकेतस्थळावर पत्ता होई, छापील पुस्तकात पृष्ठ क्रमांक होई आणि शाळांना दिलेल्या प्रतीत शेजारची फाइल होई. लेख एकदाच लिहायचा, दुवा तिन्हीकडे पोचायचा.

मग टीचरांच्या पंचाहत्तरीचा हा गौरवग्रंथ काढणाऱ्या समितीने संकेतस्थळ नव्याने बांधायला घेतलं. टीचरांची पद्धत वेळखाऊ ठरली. चाचणीच्या जागेवरचे पत्ते जसेच्या तसे उचलून लेखांत चिकटवले गेले. चाचणीची जागा म्हणजे प्रसिद्धीआधी लेख तपासण्याची बंद खोली. तिचा पासवर्ड फक्त समितीकडे. उद्घाटनाला अध्यक्षांनी मंचावरून बोट ठेवलं, लेख उघडला, टाळ्या पडल्या. इतक्यात पाचूबंदरचे एक आजोबा पुढच्या रांगेतून आपला मोबाईल उंचावत ओरडले, "टीचर, माझ्याकडं पासवर्ड मागते! बावखलाचं पानी बघायला पन पासवर्ड?"

"नेटवर्क नसेल, काका," अध्यक्ष म्हणाले. "माझ्याकडे तर उघडतंय."

टीचरनी चूक तिथल्या तिथे समजावून सांगितली. पुढच्या प्रत्येक बैठकीतही सांगितली. उत्तर बदललं नाही: माझ्याकडे तर उघडतंय.

टीचरांचा स्वभाव कळावा म्हणून एक प्रसंग सांगतो. श्रेयनामावलीत माझं नाव पाहून एका सदस्यांनी विचारलं, "याचं शिक्षण?" मी कॉलेज अर्ध्यावर सोडलं आहे. टीचर शांतपणे म्हणाल्या, "त्याचं नाव काढताय ना? मग माझंही काढा. जागा वाचेल." दोन्ही नावं राहिली. त्यानंतर मला बैठकीला बोलावलं गेलं नाही.

आता टीचरांचा सत्कार झाला की चाचणीची जागा बंद होणार आहे, असं समितीने कळवलं आहे. त्या दिवसापासून अध्यक्षांकडेही काही उघडणार नाही. टीचरांची आयुष्यभराची मेहनत सुट्या पानांचा ढीग होऊन पडेल. सत्काराचं निमंत्रण द्यायला समिती घरी गेली, तेव्हा टीचर म्हणाल्या, "शाल मला उकडते. त्यापेक्षा चार दिवस पासवर्ड द्या, दुवे नीट करते." सगळे हसले. टीचर हसल्या नाहीत. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात मी उभा होतो, म्हणून मला माहीत आहे.

पंचाहत्तरीनिमित्त टीचरना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. लोकांनी केलेली मोडतोड निस्तरण्यात ते सरू नये, एवढं मागणं जास्त. हा लेख संकेतस्थळावरही येणार आहे. त्याखाली टीचरांच्या लेखांचे दुवे मी दिले आहेत, त्यांनी शिकवल्याप्रमाणे फक्त नावाने. वाचकांनी आपापल्या मोबाईलवर बोट ठेवून पाहावं. लेख उघडले नाहीत, तर आपल्या सर्वांच्या शुभेच्छा टीचरांपर्यंत पोचलेल्या नाहीत, असं समजावं.