मंगळवारी येणाऱ्या अक्का

“बसत नाही गं, स्वल्प काम आहे,” असं म्हणत त्या उंबऱ्याशी उभ्या राहायच्या आणि मग तासभर हलायच्या नाहीत. एक पाय चपलेत, एक बाहेर. चहासुद्धा उभ्यानंच, बशीत ओतून. मी पाट मांडून पाहिला, खुर्ची सरकवून पाहिली, शेवटी नाद सोडला. तुमच्याही शेजारी अशी एखादी बाई असेल, जिला नुसतं बघूनच आपल्याला दम लागतो.

कॉलनीत सगळे त्यांना अक्का म्हणत. एकोणीसशे सत्तावन्न-अठ्ठावन्नचा सुमार. आमच्यासारखी पुण्याकडची कुटुंबं नोकरीपायी बंगलोरला आली होती आणि हेब्बाळच्या बाजूला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होती. अक्का मूळ बेळगावकडच्या. यजमान कारखान्यात फोरमन, आणि त्या स्वतः एका रिकाम्या क्वार्टरमध्ये बालवाडी चालवायच्या. बाई असून “मी येतो, मी जातो” म्हणायच्या, मधूनच कानडी घालायच्या. मला हसू यायचं, आणि ते लपवायची तसदीही मी घेत नव्हते. पुण्याचा तोरा, दुसरं काय!

पण पोरांच्या बाबतीत त्यांची नजर भारी होती. बालवाडीतल्या एका मुलीला सगळे मठ्ठ म्हणायचे. अक्कांनी दोन दिवस तिला न्याहाळलं आणि तडक तिच्या घरी गेल्या. “डोळे तपासून आणा हिचे.” आई भडकली, एवढ्याशा पोरीला चष्मा लावून तिचं लग्न कोण करील म्हणाली. अक्का रोज जाऊन उभ्या. “वाट कशाची बघालाय? वाट बघायला ती काय शिवाजीनगरची बस आहे?” बंगलोरलाही एक शिवाजीनगर आहे, आणि तिकडची बस कधी वेळेवर येत नसे. शेवटी चष्मा लागला. ती मुलगी पुढे पहिल्या पाचांत यायला लागली, आणि आईनं अक्कांना पेढे दिले. तेही त्यांनी उभ्यानंच खाल्ले.

ही गंमत मी सगळ्यांना हसतहसत सांगायची. मग माझ्यावर वेळ आली.

माझी शुभा अडीच वर्षांची झाली तरी बोलेना. गोड होती, हसरी होती, बोट दाखवून सगळं मागायची, पण शब्द म्हणून नाही. आम्ही कारणही शोधून काढलं. घरात मराठी, कामवाली तमिळ, दूधवाली कानडी, शेजारी हिंदी. पोर गोंधळलंय, असं ह्यांनी ठरवलं. पुण्याहून सासूबाईंचं पत्र आलं, “हिचा बापही साडेतीन वर्षांचा होईपर्यंत मुका होता, उगाच डॉक्टरांच्या नादी लागू नका.” झालं! घरात हुकूम सुटला की शुभाच्या कानावर मराठीशिवाय काही पडायचं नाही. कामवालीला गप्प राहायला सांगितलं, शेजारची पोरं बंद केली. आणि अक्कांना मी तोंडावर म्हटलं, “तुम्ही तिच्याशी बोलू नका. तुमचं ते अर्धं कानडी ऐकून ती आणखी गोंधळते.”

अक्कांनी बशी खाली ठेवली. “सरी,” म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. आज हे लिहितानाही मला माझीच लाज वाटते.

पण त्या राग धरणाऱ्या नव्हत्या. चारच दिवसांनी आल्या. शुभा खिडकीशी पाठमोरी बसली होती. अक्कांनी फडताळातलं पितळी ताट उचललं आणि तिच्या मागे फरशीवर आपटलं. मी दचकले. शुभा बाहेरचा कावळा बघत राहिली.

“बघितलीस? कान दाखवून आण गं. भाषा कुठलीबी असू दे, आधी ऐकू यायला पाहिजे की.”

“ती खेळात रमली होती!” मी ओरडले. “माझी मुलगी बहिरी नाही. निघा तुम्ही.” आणि दार लावून घेतलं.

त्यानंतरचं दीड वर्ष कसं गेलं ते माझं मला ठाऊक. मी एक चोरटा उद्योग सुरू केला. शुभाच्या मागे जाऊन झाकण वाजवायचं, टाळी द्यायची, हाक मारायची. कधी ती वळायची. तेवढ्यावर माझा दिवस आनंदात जायचा. कधी वळायची नाही, मग मी पुन्हा वाजवायची, पुन्हा, पुन्हा. भाजी करपायची, माझं लक्ष नसायचं. ह्यांना एका शब्दानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं ना!

आणि दर मंगळवारी सकाळी अक्का फाटकाशी यायच्या. आत नाही यायच्या. नुसत्या भुवया वर करून माझ्याकडे बघायच्या. मी मान फिरवली की चालू लागायच्या. मंगळवारच का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मला वाटायचं, काय हट्टी बाई आहे!

शुभा चार वर्षांची झाली. एक दिवस दुपारी कारखान्याचा भोंगा वाजला, अगदी जवळून. अंगणात पाचसहा पोरं खेळत होती. सगळ्यांनी पटकन कानांवर हात ठेवले. शुभानं त्यांच्याकडे पाहिलं, एकेकाकडे पाहिलं, आणि मग हसत हसत स्वतःचे हात कानांवर ठेवले. तिला वाटलं, हा नवा खेळ आहे.

मी तशीच अक्कांच्या घरी धावले. त्यांनी काही विचारलं नाही. “उद्या मंगळवार आहे. इस्पितळात कानाचा डॉक्टर मंगळवारीच असतो. सातच्या बसनं जाऊ,” एवढंच म्हणाल्या.

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. ऐकू फार थोडं येत होतं. छातीवर अडकवायचं ऐकण्याचं यंत्र मिळेल, म्हणाले, ओठ बघून बोलायला शिकवावं लागेल, बोलेल, पण आणखी लवकर आणली असती तर पुष्कळ सोपं गेलं असतं. मग त्यांनी विचारलं, “तुमच्या हे कधी लक्षात आलं?”

“आत्ताच,” मी म्हणाले. “ह्या आठवड्यात.”

अक्का माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्या भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिल्या.

परतताना बसमध्ये मला रडू आवरेना. “तुम्ही बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“डॉक्टरनं तुला विचारलं, मला न्हवं. रडू नको. आता रोज तोंडासमोर बसवून बोलत जा तिच्याशी. मीबी येतो.” आणि खरोखर आल्या. दीड-दोन वर्षं, रोज, शुभासमोर जमिनीवर मांडी ठोकून बसायच्या.

मग त्यांचे यजमान निवृत्त झाले आणि ती दोघं बेळगावकडे गेली. माफी मागायची राहून गेली. पत्रं लिहिली, त्यांत शुभाच्या शाळेचं असायचं, हवापाण्याचं असायचं. तेवढं एक वाक्य प्रत्येक पत्रात राहिलं.

शुभा दहा वर्षांची असताना अक्का गेल्याचं पत्र आलं. मी ते हातात धरून बसले होते. ती शाळेतून आली, माझ्या हातातलं पत्र घेऊन वाचलं. मग तिच्या त्या जडशा, ओढलेल्या बोलण्यात तिनं विचारलं, “आई, मला लवकर नेलं असतं तर मी इतरांसारखी बोलले असते?”

काहीही सांगता आलं असतं. मी तिच्या समोर बसले, तिला ओठ दिसावेत म्हणून खिडकीकडे तोंड केलं, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “हो. बरीच चांगली बोलली असतीस. अक्कांनी दीड वर्ष आधी सांगितलं होतं. मला कळलं होतं. मी नेलं नाही.”

शुभा माझ्या ओठांकडे बघत राहिली.

“परत सांग,” ती म्हणाली.

मी परत सांगितलं.