गाडी चालते, पण चालत नाही

आमच्या ह्यांना, म्हणजे मधुकररावांना, दोनच शब्द येतात. ‘चालत नाही.’ एक्केचाळीस वर्षं झाली लग्नाला, तेव्हापासून ऐकून राहिले मी. परिवहन कार्यालयात चौतीस वर्षं नोकरी केली, शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. नव्या गाड्यांच्या नोंदणीचे कागद यांच्या टेबलावरून जायचे. सही चौकटीबाहेर गेली, चालत नाही. फोटोत एक कान दिसत नाही, चालत नाही. माझ्या सख्ख्या भावाच्या स्कूटरचे कागद यांनी तीनदा परत पाठवले, का तर म्हणे इंजिनच्या नंबरातला आठ तीनसारखा दिसून राहिला. भाऊ दोन वर्षं भाऊबीजेला आला नाही. यांना त्याचं काही सोयरसुतक नाही, उलट मलाच विचारतात, प्रेमिला, तूच सांग, तो आठ होता का?

बरं, ऑफिसातलं ऑफिसात ठेवावं की नाही? एकदा शेजाऱ्यांच्या गाडीतून रामटेकला निघालो. पाच माणसांची गाडी अन् ऐनवेळी सहावं माणूस आलं. हे खाली उतरले अन् बसने आले. आम्ही दर्शन घेऊन गड उतरून राहिलो, तेव्हा हे वर चढून राहिले होते, घामाने डबडबलेले. मी बोलले काही? नाही बोलले. बोलून उपयोग काय!

अशा माणसाच्या अंगणात देवाने काय आणून ठेवावं? इथला नंबरच मिळू शकत नाही अशी गाडी.

आमचा अपूर्व नऊ वर्षं दुबईला होता, मोठमोठ्या इमारतींचे एसी सांभाळायचा. कंपनी बंद पडली, तो परत आला अन् त्याच्यामागून जहाजाने त्याची गाडी आली. पिवळीजर्द, दोन सीटांची, रेसमध्ये असतात तशातली. जमिनीला इतकी टेकलेली की माझ्यासारखीने आत बसायचं तर आधी खाली लोळावं लागेल. पट्टी दुबईच्या नंबरची अन् स्टेअरिंग डावीकडे. मुंबईच्या कुण्या एजंटाने त्याला सांगितलं होतं, कस्टमचा कर भरला की पुढचं सगळं आपोआप होऊन जाते. पोट्ट्याने विश्वास ठेवला. घरात बाप नोंदणीच्या कागदांत जन्म घालवून बसलेला, अन् याने विचारलं एजंटाला! बाबांना काहून नाही विचारलं रे, तर म्हणे सरप्राइज द्यायचं होतं.

ट्रेलरवरून गाडी उतरली तेव्हा त्रिमूर्तीनगरची आमची अख्खी गल्ली गोळा झाली. यांनी चष्मा लावला. गाडीभोवती एक चक्कर मारली, कागद वाचले, पुन्हा वाचले, अन् सगळ्यांदेखत निकाल दिला, “स्टेअरिंग डावीकडे. इथल्या चाचणीचं प्रमाणपत्र नाही. नोंदणी होणार नाही. रस्त्यावर चालत नाही.”

अहो, नऊ वर्षांनी पोरगा घरी आला, आधी त्याच्या पाठीवरून हात तरी फिरवा! त्याचं तोंड एवढंसं झालं. मला इतका राग आला यांचा, की सांगता सोय नाही.

मग गाडी अंगणात टिनाच्या शेडखाली गेली, जिथे मी वाळवणं घालते तिथे. विकायची हे तर ठरलंच होतं. पण घेणार कोण? रायपूरचा एक दलाल आला. तोंडात तंबाखूचा खर्रा, बोटांत अंगठ्या. म्हणे, काही टेन्शन घेऊ नका, भंगारात गेलेल्या दुसऱ्या गाडीचा नंबर हिच्यावर चढवून देतो. अपूर्व कंटाळलेला होता, तो हो म्हणायच्या बेतात आला. तेवढ्यात हे खुर्चीतून उठले अन् पोराला म्हणाले, “खोट्या नंबरने ही गाडी फाटकाबाहेर गेली, तर पोलिसांना पहिला फोन मी करीन. तुझं नाव घेऊन करीन.”

आता खोटं ते खोटंच, मलाही पटत नव्हतं. पण पोटच्या पोराला असं बोलतात का, तेही त्या अंगठीवाल्यासमोर? त्या दिवसापासून अपूर्वने बापाशी बोलणं टाकलं. तीन आठवडे! अन् मधल्या मध्ये मरण कोणाचं? माझं. “आई, त्यांना सांग, पेपर वाचून झाला असेल तर द्या.” “त्याला सांग, दुसरं पान राहिलं आहे.” एकाच सोफ्यावर, माझ्या दोन अंगांना बसून! मी एकदा म्हटलं, मी काय पोस्टाची पेटी आहे? तर दोघंही माझ्याकडेच रागाने पाहून राहिले. पीळ मात्र बापाचाच घेतला आहे पोराने, तसूभर कमी नाही.

मग एक दिवस जेवताना अपूर्व मला म्हणाला, “आई, मस्कतहून नोकरीचं बोलावणं आहे. महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे. गाडी विकली गेली तर माझ्या शाळेतल्या मित्राबरोबर, सुमंतबरोबर, इथेच एसी दुरुस्तीचं वर्कशॉप टाकतो. नाही तर मी जातो. अंगणात ती गाडी अन् घरात हे, दोन्हीकडे रोज पाहणं माझ्याच्याने होत नाही.”

हातातला घास हातातच राहिला माझ्या. नऊ वर्षं मी पोराचं तोंड मोबाइलमध्ये पाहिलं. ताप आला तर इथून काढा सांगायचा, दिवाळीला फराळाचा डबा कुरियरने पाठवायचा अन् तो फुटून पोचला की आपणच रडायचं. आता पुन्हा तेच? मला नको होतं. मी देवाला नाही सांगितलं, ह्यांनाच सांगितलं, “गाडी विका. कशीही विका, पण सरळ मार्गाने विका. पोरगा गेला तर मी तुमच्याशी बोलणार नाही, मग कोणाच्या हाती निरोप पाठवता ते पाहा.”

यांनी मनावर घेतलं. घेतलं म्हणजे काय केलं? पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहून गाडीच्या काचेवर लावलं: ‘सदर वाहन विक्रीस उपलब्ध. सदर वाहन रस्त्यावर चालविण्यास पात्र नाही.’ खाली दोन रेघा मारल्या. कपाळावर हात मारला मी. असं लिहून कोणी काही विकतं का हो? मी पुठ्ठा काढून चुलीमागे टाकला, तर दुसऱ्या दिवशी नवीन लावला, लॅमिनेशन करून.

अपूर्वने मोबाइलवर जाहिरात टाकली होती, पण येणारेही एकाहून एक! एकाने विचारलं, अॅव्हरेज किती देते. एक म्हणाला, स्टेअरिंग इकडून तिकडे करून भेटेल का. एक पोट्टा तर होणाऱ्या बायकोला घेऊन आला, दोघांनी गाडीला टेकून तासभर फोटो काढले, माझ्या हातचा चहा प्यायले अन् गेले. महिना संपत आला. अपूर्वची बॅग पलंगाखालून पलंगावर आली.

अन् त्या गुरुवारी ओमप्रकाश आला. कळमन्याच्या बाजारात त्याचा धान्याचा ठोक व्यापार, बऱ्यापैकी मोठा माणूस. अपूर्व बाहेर गेला होता, मी कणीक मळून राहिले होते. हात धुऊन बाहेर येईपर्यंत फाटकातच सगळं आटोपलं. मला खिडकीतून ऐकू आलं ते एवढंच.

“काका, गाडी चालते न?”

“चालत नाही.”

“अजिबातच नाही?”

“अजिबात नाही. एक इंचही नाही.”

“मंग कायले जाहिरात देली गा काका? एवढ्या उन्हात मले कळमन्याहून बोलावलं!” अन् तो मोटारसायकलला किक मारून गेला.

हे आत आले ते कसे? प्रसन्न! “स्पष्ट सांगून टाकलं. नंतर कटकट नको.”

अर्ध्या तासाने अपूर्व घरी आला तो फोन कानाला लावूनच. ओमप्रकाश त्याला झापून राहिला होता, की बंद पडलेली गाडी गळ्यात मारून राहिले का म्हणून. मग उलगडा झाला. ओमप्रकाशचं कोराडी रोडवर लग्नाचं लॉन आहे. लॉनच्या फाटकापासून स्टेजपर्यंत नवरदेवाला गाडीत बसवून न्यायचं, एवढ्यासाठी त्याला गाडी हवी होती. त्याच्या स्वतःच्या जागेत. रस्त्याचा संबंधच नाही! त्याने विचारलं, गाडी चालते का, म्हणजे इंजिन सुरू होतं का. अन् आमच्या साहेबांनी कायदा सांगितला.

अपूर्व “त्यांना सांग” सुद्धा म्हणाला नाही. सरळ खोलीत गेला अन् बॅगेत कपडे भरू लागला.

मग मात्र माझा बांध फुटला. “झालं समाधान?” मी म्हटलं. “चौतीस वर्षं लोकांच्या गाड्या अडवल्या, आता घरचा पोरगा घालवा! अहो, तो माणूस काय विचारून राहिला, हे ऐकायचं तरी! समोरच्याचं ऐकायच्या आधीच तुमचं ‘चालत नाही’ तयार! माझं ऐकलं नाही, भावाचं ऐकलं नाही, याचंही नाही. तो तुमच्यासाठी परत आला होता, कळतं का? मस्कतला गेला तर आपण मेल्यावर येईल तो, तेही सुट्टी मिळाली तर!”

मी रडून राहिले होते अन् हे उभेच. मग म्हणाले, “खासगी जागेत? खासगी जागेत तर नोंदणीचा प्रश्नच येत नाही. त्याने सांगितलं काहून नाही?”

“तुम्ही सांगू दिलं का!”

यांनी इस्त्रीचा शर्ट चढवला, कागदांची फाइल काढली. मी म्हटलं, एकटे नाही जायचं, तुम्ही तिथे जाऊन पुन्हा काहीतरी बोलाल. ऑटो केला अन् दोघंही कळमन्याला गेलो. चण्याच्या पोत्यांमधून वाट काढत ओमप्रकाशच्या गाळ्यावर पोचलो. त्याने आम्हाला पाहून तोंड फिरवलं.

“आता काय राहिलं गा काका?”

हे सुरू झाले, “त्याचं असं आहे, की वाहन चालतं, परंतु सार्वजनिक रस्त्यावर चालत नाही. खासगी जागेत चालू शकतं, तथापि...”

“मंग चालते का नाही चालत? एक काय ते सांगा न!”

“गाडी चालते हो भाऊ!” मी ओरडलेच. “मस्त चालते! हेच चालू देत नाहीत!”

हमाल हसले, ओमप्रकाश हसला. हे नाही हसले. यांनी फाइल पोत्यावर ठेवली, हात जोडले अन् म्हणाले, “माझी चूक झाली. तुम्ही गाडीचं विचारलं, मी रस्त्याचं सांगितलं. मुलाचा यात काही दोष नाही.”

चूक झाली! एक्केचाळीस वर्षांत हा शब्द यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. मी बाजूच्या पोत्यावर बसूनच घेतलं. ओमप्रकाश वरमला, त्याने ताक मागवलं अन् म्हणाला, “राहू द्या न काका, हात कायले जोडता. घेतो मी गाडी.” तेव्हाही यांनी अट घातलीच, की गाडी ट्रेलरवरून न्यायची, लॉनच्या बाहेर काढायची नाही, अन् हे सगळं लेखी द्यायचं. “हौ, देतो लिहून,” तो म्हणाला. “काकू, कसं निभावलं हो तुम्ही?” मी म्हटलं, विचारू नको बाप्पा.

रविवारी दुपारी ट्रेलर आला. आमच्या फाटकासमोर नाली आहे, त्यामुळे तो पलीकडच्या अंगाला लागला. फाटक अन् ट्रेलर यांच्यामध्ये राहिला बारा फूट रस्ता. अपूर्वने शेडमधून गाडी सुरू केली, काय तो आवाज, पारवे उडाले. फाटकाशी येतो न येतो, हे हात आडवा करून उभे. “इंजिन बंद. पुढे सार्वजनिक रस्ता आहे.”

“आई,” अपूर्व काच खाली करून दातओठ खात म्हणाला, “त्यांना सांग, बारा फूट आहे फक्त.”

“त्याला सांग, बारा फूट झाला तरी रस्ता तो रस्ताच. ढकलायची.”

मी दोघांनाही काही सांगितलं नाही. माझी जीभ थकली होती. अपूर्वने इंजिन बंद केलं. ट्रेलरवाल्याने अन् त्याच्या जोडीदाराने मागून जोर लावला. गाडी रस्त्याच्या मध्यापर्यंत गेली अन् चढावर अडली. पुढे जाईना, मागे येईना. तिकडून एक ऑटोवाला हॉर्न मारून राहिला.

तेव्हा यांनी हातातली फाइल कठड्यावर ठेवली. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या अन् गाडीच्या मागे जाऊन खांदा लावला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे दुखतात म्हणून जिना चढत नाही. चप्पल घसरली तर चप्पल काढून टाकली अन् तापलेल्या डांबरावर अनवाणी पाय रोवले.

अपूर्वने आरशात पाहिलं. डोकं बाहेर काढून ओरडला, “बाबा! तुम्ही सरका, कमरेत उसण भरेल!”

“तू मागे नको पाहू,” हे धापा टाकत म्हणाले, “स्टेअरिंग सरळ धर. मी आहे मागे.”

“पाय भाजतील बाबा!”

“भाजू दे. समोर पाहा.”

मी फाटकात उभी होते. डोळ्यांना धार लागलेली अन् ऑटोवाल्याचा हॉर्न काही थांबत नव्हता. थांब की रे मेल्या, दिसत नाही का, म्हणून त्याच्यावर ओरडले, पदर खोचला अन् यांच्या बाजूला जाऊन मीही हात लावला.