उजव्या पायाची उडी

नजीरभाई गेल्याचं कळलं तेव्हा मी मैदानावर खुर्ची टाकून बसले होते. खोपोलीच्या एका शाळेत मी पी.टी. शिकवते, आणि पी.टी.च्या बाई खुर्चीत बसून शिट्टी मारतात याचं आता पोरींनाही नवल वाटत नाही. सातवीच्या पोरींचा लंगडीचा डाव रंगात आला होता. तेवढ्यात कर्जतच्या एका जुन्या खेळाडू मैत्रिणीचा मेसेज आला, ‘आपले नजीरभाई गेले. दुपारी दफन.’ मी तो तीनदा वाचला. समोर पोरी एका पायावर उड्या मारत होत्या आणि मी नुसती त्यांच्या उड्यांकडे बघत राहिले... शेवटी एक पोरगी ओरडली, “बाई, वेळ कधीच संपली!” तेव्हा कुठे शिट्टी तोंडाला लावली.

त्याला आता चाळीस दिवस होऊन गेले. हा माणूस कोण, हे कर्जत-खालापूरकडच्या कबड्डीवाल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. कर्जतच्या बाजारामागे दोन खोल्यांत त्यांचा फिजिओथेरपीचा दवाखाना होता. घराणं मूळचं खाडीकडचं, मुसलमान, वडिलांचं कापडाचं दुकान. पण यांना कापडापेक्षा माणसाच्या सांध्यांत रस. ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर पनवेलला नाहीतर मुंबईला. टाके निघाले की पेशंट घरी येतो, आणि त्या पायाचं पुढे काय करायचं हे घरात कोणालाच ठाऊक नसतं. आई म्हणते हलवू नको, शेजारीण म्हणते तेल चोळ, मित्र म्हणतात चल मैदानात. तिथून पुढचं काम नजीरभाईंचं. दवाखान्यात मशिनं दोन-तीनच, पण भिंतीला टेकवून ठेवलेले तीन लाकडी पाट होते. एक वीतभर उंच, दुसरा चार बोटं, तिसरा जेमतेम दोन बोटं. पेशंटला पाटावर बसवायचं आणि म्हणायचं, “हात न लावता ऊठ.” उंच पाटावरून जमलं की मधला, मधल्यावरून जमलं की बुटका. “आपल्याकडं माणूस खुर्चीत जगत नाय,” ते म्हणायचे. “जेवायला खाली, लावणीला खाली, परसाकडंला खाली. गुडघा तिथवर पोचला पायजे.”

आणि कोण कधी बरं होणार, हे त्यांनी सांगावं! शहरातल्यांना ते आठवडे आणि महिने सांगत, गावाकडच्यांना कामाच्या भाषेत. पोशीरच्या एका बाईला म्हणाले होते, “यंदा लावणीला चिखलात उतरायचं नाय. भाताच्या झोडणीला येईन म्हणून सांग घरी.” ती बाई खरोखर झोडणीला उभी राहिली. वाईट सांगायचं असलं तरी तसंच, तोंडावर. डोंगरातल्या ठाकूरवाडीचा एक गडी झाडावरून पडला होता, गुडघ्याच्या वाटीखालची जाड शीर तुटली होती. चार-पाच महिने त्याच्याकडून सगळं करून घेतलं आणि मग म्हणाले, “चालशील, वझं नेशील, पण झाडावर चढायचं नाय. कायमचं.” गडी चिडून तरातरा निघून गेला. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला शेवळांच्या, रानभाजीच्या, जुड्या घेऊन दारात हजर. म्हणाला, “दुसरा कोन चढ म्हनला असता, तं मी चढलो असतो नि मेलो असतो.” नजीरभाईंच्या शब्दाला अशी किंमत होती. ती कशी गेली, ते सांगायला आज बसले आहे.

मी कडावची. आमच्या भागात पोरगी धावायला लागली की कबड्डी खेळायला लागते, तशीच मीही. एका सामन्यात चढाईला गेले होते, मागे वळताना डावा पाय मातीत रुतला आणि अंग तेवढं फिरलं. आत कट्कन आवाज झाला, तो मला एकटीलाच ऐकू आला. गुडघा भोपळ्याएवढा सुजला. आमचे प्रशिक्षक शांताराम मास्तर मला मोटारसायकलवर मागे बसवून नजीरभाईंकडे घेऊन गेले. ढगळ ट्रॅकपँटवरून माझ्या उजव्या गुडघ्याला पट्टी होती, डाव्याची सूज आत झाकलेली. त्यांनी ती सोडायला घेतली.

“हा नाय, डावा दुखतोय,” मी म्हटलं.

“मग पट्टी ह्याला का गं?”

“समोरच्या पोरी पट्टी बघून पाय धरतात, भाई. म्हणून आमी चांगल्या पायाला बांधतो.”

डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग एकदम हसू थांबवून म्हणाले, “मैदानात काय वाटेल ते कर. हितं माझ्यापुढं पट्टी खऱ्या पायाला. मी तुला पकडाय नाय बसलो.” मला ते शब्द आजही तसेच्या तसे आठवतात. आठवायलाच हवेत.

आतला लिगामेंट तुटला होता. पनवेलला ऑपरेशन झालं. मांडीमागची एक शीर घेऊन तुटलेल्याच्या जागी बसवली. नजीरभाई म्हणाले, “ती बिचारी नवी सून हाय त्या घरात. रुळू दे तिला. आल्या दिवशी हंडे उचलायला लावलेस तर पळून जाईल.” आणि भाकीत सांगितलं, नऊ महिने, एक दिवस आधी नाही. रोज सकाळी कडावहून टेंपोने कर्जतला जायचे. कण्हत, रडत, कधी त्यांना शिव्या घालत गुडघा वाकवायचे. तिसऱ्या महिन्यात उंच पाट सुटला, पाचव्यात मधला. आणि सातव्यात जिल्ह्याच्या संघाची निवड आली.

माझं सगळं त्या निवडीवर होतं. जिल्ह्याकडून खेळले की खेळाडू म्हणून पोलिसात जायची वाट मोकळी होती, आणि घरात माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती ती थांबणार होती. मी नजीरभाईंच्या मागे लागले. त्यांनी आधी साफ नाही म्हटलं. मग माझा चेहरा बघून विरघळले. “बुटका पाट सोडून देऊ. लंगडीची उडी बघू. डावा उजव्याच्या बरोबरीला आला, तर मी अडवायचा नाय.”

दवाखान्यामागच्या पडवीत त्यांनी खडूची रेघ मारलेली होती. तिथून एका पायावर एकच लांब उडी मारायची, आणि त्याच पायावर थांबायचं. आधी चांगला पाय, तिथे खूण. मग दुखरा, तिथे दुसरी खूण. दोन खुणा जवळपास भिडल्या पाहिजेत. माझी डाव्याची खूण चांगली हातभर मागे राहायची. रोज मारून बघायची, रोज तेवढीच मागे. आणि एक दिवस घरी येताना टेंपोत माझ्या डोक्यात आलं... डावा पुढे जात नाही ना, मग उजवा मागे आणायचा!

मला त्यात काही पाप वाटलंच नाही. समोरच्याला हुलकावणी देणं हाच तर आमचा खेळ. चांगल्या पायाला पट्टी बांधणारी पोर मी. खळ्यात राखेची रेघ ओढली आणि आठ दिवस उजव्या पायाने आखूड उडी मारायचा सराव केला. नुसती आखूड नाही, प्रत्येक वेळी नेमकी तेवढीच. कारण मला माहीत होतं, नजीरभाई एका उडीवर विश्वास ठेवत नाहीत, तीन मारायला लावतात. खोटं बोलणाऱ्याच्या तीन उड्या तीन जागी पडतात, असं त्यांनीच मला गप्पांत सांगितलं होतं.

त्या दिवशी रोजे चालू होते, त्यांचा घसा सुकलेला. मी उजव्याने उडी मारली. खूण करताना ते थांबले. “आज हा उजवा मंद का गं?” मी म्हटलं, “अंगात कसकस हाय, भाई.” “मार परत.” मी मारली. “परत.” तिन्ही खुणा एकावर एक. मग डाव्याने जीव खाऊन मारली, ती येऊन भिडली. ते गुडघ्यावर बसून बराच वेळ त्या खुणांकडे बघत होते. शेवटी हात झटकत उठले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “जा. खेळ.”

निवडीच्या मैदानावर तिसऱ्या चढाईत डावा गुडघा गेला. नवी शीर तुटली, आतल्या दोन्ही गाद्या फाटल्या, हाडाच्या टोकावरची कूर्चा निघाली. पुन्हा पनवेल, पुन्हा ऑपरेशन. माझा गुडघा तेव्हापासून काटकोनापुढे वाकत नाही.

महिनाभराने मास्तर मला घेऊन दवाखान्यात गेले ते भांडायलाच. बाहेर बाकड्यावर पेशंट बसले होते, त्यांच्या देखत मास्तर ओरडले, “तुमच्या शब्दावर पोरगी उतरवली मी! पाय घालवलात तिचा!” नजीरभाई उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी कुबड्या मांडीवर घेऊन बसले होते. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. मी फरशीकडे बघत राहिले. आणि ते म्हणाले, “खरं हाय मास्तर. माझंच मोजमाप चुकलं.”

त्या दिवसानंतर कबड्डीच्या पोरी त्यांच्याकडे जायच्या बंद झाल्या. मास्तरांचा शब्द भिवपुरीपासून खोपोलीपर्यंत चालायचा. पण त्याहून वाईट हे की नजीरभाईंनीच भाकीत सांगणं सोडलं. “कधी उभी राहीन?” कोणी विचारलं की म्हणायचे, “बघू.” बघू म्हणणाऱ्याकडे कोण थांबतं? माणसाला तारीख लागते, खोटी का असेना. दोनातली एक खोली त्यांनी सोडून दिली. पडवीतली खडूची रेघ त्यांनी स्वतः ओल्या फडक्याने पुसली, असं मी नंतर ऐकलं. बारा वर्षं मी हे सगळं बघत होते. मला शाळेत नोकरी लागली, लोक माझी कीव करायचे आणि मी ती करून घ्यायचे. लाज वाटत होती का? वाटत होती. पण लाजेने तोंड उघडत नाही, अजून घट्ट मिटतं.

त्यांना यकृताचा कॅन्सर झाल्याचं कळलं तेव्हा मी ठरवून गेले. आज सांगायचंच. खाटेवर होते, हातापायांच्या काड्या झालेल्या. मी बसल्याबरोबर त्यांचा अंगठा सवयीने माझ्या गुडघ्याच्या वाटीच्या कडेला गेला, दाबून बघितलं. म्हणाले, “मी लय वेळा आठवून बघितलं गं. तीन खुणा एकावर एक होत्या. तरी कुठं चुकलो, ते नाय सापडलं.” माझ्या ओठांवर शब्द आले होते. देवाशप्पथ आले होते. आणि मी काय बोलले? मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “जाऊ द्या ना भाई, जुनं झालं. माझ्या मनात काही नाही.” मी त्यांना माफ केलं! माझ्या गुन्ह्यासाठी मी त्यांना माफ केलं, आणि त्या भल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर तीन आठवड्यांनी ते गेले.

मेसेज आला त्या दुपारी मी त्यांच्या घरी पोचले. पुरुष कबरस्तानात गेले होते. बायका खाली चटयांवर बसल्या होत्या, मला बघून कोणीतरी लगबगीने खुर्ची आणली. सगळ्या खाली आणि मी एकटी वर. एक म्हातारी दुसरीला म्हणाली, “हीच ती पोर, पाय गेलेली. तरी आलीय बघ. मन मोठं हाय.” मला तिथे बसवेना, पण तशीच बसले. पंधरा दिवसांनी पुन्हा गेले आणि त्यांच्या बायकोला, हमीदाभाभींना, राखेच्या रेघेपासून सगळं सांगितलं.

त्या ओरडल्या नाहीत. हातातले तांदूळ सुपात टाकले. मग म्हणाल्या, “हे त्यांना सांगायचं होतंस.” सूप बाजूला सारलं. “आता मला काय सांगतेस? मला ठाऊकच होतं त्यांचा हात चुकायचा नाय. ज्यांनी तोंडं फिरवली त्यांना सांग. तुझं नाव घालून सांग.” आत गेल्या आणि बुटका पाट घेऊन आल्या. “दवाखाना बंद करताना एवढा एकच घरी आणला होता त्यांनी. सुनंदा ह्यावरून उठायची राहिली म्हणायचे. घेऊन जा. मला घरात नको.”

म्हणून हे लिहिलं. नाव घालून लिहिलं. शांताराम मास्तर, तुम्ही वाचत असाल. भिवपुरीपासून खोपोलीपर्यंतचे सगळे वाचत असतील. नजीरभाईंचं मोजमाप चुकलं नव्हतं. मोजायला मी दिलेली उडी खोटी होती.

पाट आता माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून ठेवला आहे. आज सकाळी तो जमिनीवर ठेवला आणि ओट्याला धरत धरत त्यावर बसले, डावा पाय समोर सरळ. मग ओटा सोडला. दोन्ही हात छातीशी घेतले, नजीरभाई घ्यायला लावायचे तसे. एकदा जोर केला, दुसऱ्यांदा केला, तिसऱ्यांदा केला. नाही जमलं, भाई. तिन्ही वेळा खरं सांगते, नाही जमलं.