उपरण्याखालचं सत्यमेव जयते

चाकणच्या कांदाबाजारात एका दलालानं पेढीच्या पाटीवर देशाचं ब्रीद रंगवलं होतं: सत्यमेव जयते. अन् स्वतः काय करायचा? उपरण्याखाली व्यापाऱ्याच्या हातात हात द्यायचा. व्यापारी धरील तितकी बोटं, तितका भाव! कांदा ज्याचा, त्यालाच पत्ता नाही.

"हेच का तुमचं सत्य?" उघड्या लिलावाची मागणी करणारी माझी पत्रकं मी त्याच्यापुढं आपटली.

उपरण्यातला हात न काढता तो म्हणाला, "राव, सत्य जिंकतं म्हणलंय. उघड्यावर जिंकतं, असं कुठं लिवलंय?"

लोक हसले. कांदा घेऊन आलेली बाई मात्र हसली नाही. "माल माझा हाय," म्हणत तिनं उपरणंच ओढलं.

व्यापाऱ्याच्या मुठीत तीन बोटं! सगळा बाजार बघत होता. दलालानं डोळा मिचकावत चौथं पुढं केलं; व्यापाऱ्याला धरावंच लागलं.