मोटारीसाठी नवं दावं

भिंगारला साहेबलोकांच्या जुन्या स्पोर्ट्स मोटारीच तेवढ्या विकणारा एक जाणकार व्यापारी होता. उसाचे पैसे आले तशी आमच्या चुलत्यांना त्याच्याकडची दोनच माणसांची लाल मोटार घ्यायची हुक्की आली. घोडेगावच्या बाजारात विकणारा जनावर देतो, दावं देत नाही. म्हणून मोटार न्यायलाही त्यांनी घरून नवं जाड दावं आणलं. मी शरमेनं अर्धा झालो. व्यापारी मात्र हसला नाही. दावं ओढून बघत म्हणाला, "मजबूत आहे. गाडीतच असू द्या."

काय सभ्य माणूस, मला वाटलं.

पांढरीच्या पुलाशी मोटार बसली ती उठलीच नाही. त्याच दाव्यानं बैलांनी ती गावात ओढून आणली. चुलते स्टिअरिंग धरून ताठ बसलेले. म्हणाले, "व्यापारी जानकार खरा. त्याला आपला माल पुरता ठावा हुता."