भुसा धरणारी कोठी

संगमनेरहून फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. नंबर भानुदासचा होता, आवाज परका. "ह्या मोबाईलवर शेवटचा फोन तुमचा हाय, म्हनून तुमाला लावला," एवढं बोलून तो माणूस थांबला... आणि त्या थांबण्यातच मला सगळं कळलं. भानुदास तिथल्या एका वखारीत जुन्या सागाच्या चौकटी बघायला गेला होता. चौकट उलटीपालटी करता करता खाली बसला, तो उठलाच नाही. तोंडावरचा साबण पुसून मी रस्ता ओलांडला आणि समोर भानुदासच्या घरी, वहिनींच्या दारात जाऊन उभा राहिलो. या गोष्टीला आता दीड महिना होईल. दहावं, तेरावं, भेटायला येणारे, त्यांचा चहा, प्रत्येकाला पहिल्यापासून तेच सांगणं, सगळं पार पडलं. माझी सत्तरी जवळ आली आहे. खरं सांगायचं तर दुःखापेक्षा मला थकवाच जास्त आला आहे.

आम्ही दोघं नागापूरच्या एकाच कारखान्यात होतो. तो फिटर, मी स्टोअरमध्ये. तो सामान मागायचा, मी चिठ्ठी मागायचो, आणि या भांडणातून आमची दोस्ती झाली. निवृत्त झाल्यावर मी दुपारी झोपायला लागलो. भानुदासला ते जमेना. भोंग्याच्या वेळी बूट घालून तो अंगणात येरझाऱ्या घालायचा. मग एक दिवस घरामागे पत्र्याची शेड उभी राहिली, एक जुनी गोल करवत आली आणि गडी लाकडाला लागला. पाट, स्टूल, शेजाऱ्यांचे देव्हारे. तोंडावर तकाकी आली. म्हणायचा, लोखंड तीस वर्षं हाताळलं, पण त्याला कधी लाकडासारखा वास आला नाही.

अडचण एकच होती, आणि ती मोठी होती. वहिनींना दमा. करवतीचा भुसा खिडकीतून थेट स्वयंपाकघरात यायचा. एका दुपारी त्यांना श्वासच घेता येईना, दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी भुसा बंद करायला सांगितलं. भानुदासने घरी येऊन करवतीवर पोतं टाकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बूट घालून अंगणात फेऱ्या सुरू झाल्या. पंधरा दिवसांनी वहिनीच माझ्याकडे आल्या. "भाऊजी, ह्यांस्नी कायतरी वाट काढायला सांगा. दमा मी सोशीन. पर ह्यांचं हे फिरनं मला बघवत न्हाई."

वाट भानुदासच्या डोक्यात आधीपासून होतीच, फक्त तो विचारायला धजत नव्हता. कारखान्यात धूळ ओढायला एक मोठं नरसाळं होतं. हवा त्यात गोल गोल फिरते, जड कचरा कडेला लागून खाली पडतो आणि हलकी हवा वरून निघून जाते. तसंच एक छोटं घरी करायचं त्याने ठरवलं. पत्रा कापून नरसाळं वळवलं, भंगारातून हवा ओढणारा पंखा आणला, पाइप जोडले. आता खाली भुसा साठवायला पिंप पाहिजे होतं, आणि तेही हवाबंद. तेव्हा वहिनींनी रुखवतात आलेली आपली पत्र्याची कोठी पुढे केली. त्यांचं माहेर राळेगणच्या पलीकडच्या वस्तीवर, आणि कोठीवर ऑइलपेंटने दोघांची नावं लिहिलेली. तिच्यातली बाजरी त्यांनी स्वतः पोत्यात भरली. झाकणाखाली सायकलची ट्यूब कापून बसवली, म्हणजे हवा शिरायला जागा नको.

पहिल्या चाचणीला बटण दाबायचा मान माझा. पंखा घुमला, पाइप थरथरला, आणि भानुदासने जोर बघायला पाइपच्या तोंडावर तळहात ठेवला. फिटर माणूस, पण इथेच चुकला. हवा यायला वाटच राहिली नाही. धाडकन आवाज झाला आणि कोठी पोटात गेली. नवऱ्याच्या नावाच्या जागी तर चांगला खड्डा पडला. वहिनी बाहेर आल्या. भानुदास मान खाली घालून उभा. कोठीकडे बघत त्या म्हणाल्या, "माझ्या बापानं ही धान्य भरायला दिली हुती, हवा काढून घ्यायला न्हाई." मग हसायला लागल्या. हसता हसता त्यांना खोकला लागला.

दोन दिवस त्याने कोठी आतून ठोकून काढली, आत लोखंडी कड्या बसवल्या. या वेळी जमलं. तासभर लाकूड कापलं आणि कोठी उघडली, तर आत शेरभर भुसा, आणि शेडच्या फरशीवर जवळजवळ काही नाही. भानुदासने वहिनींना हाक मारली. त्यांनी भुशात हात घातला, चाळवला आणि म्हणाल्या, सुपाने कितीही पाखडलं तरी बारीक कोंडा उडतोच. मला ते कौतुकच वाटलं. भानुदासला मात्र ते लागलं. पुढची चार वर्षं तो त्या कोंड्याच्या मागे होता. नरसाळं लांब केलं, हवा बाहेर पडायच्या तोंडाला वहिनींच्या जुन्या साड्यांची दुहेरी पिशवी शिवून घेतली, धुराडं छपराच्या वर नेलं. मी म्हणायचो, तू देव्हारे कमी आणि हे यंत्रच जास्त करतोस. रोज संध्याकाळी तो वहिनींना छाती कशी आहे विचारायचा, आणि त्या रोज मोकळी आहे म्हणायच्या. मीही विश्वास ठेवला. मला वाटलं, चला, एकाचं तरी मनासारखं झालं.

परवा चहाला गेलो होतो. शेड रिकामी करायची का, असं मी विचारलं. वहिनी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "भाऊजी, माझा खोकला कवाच गेला न्हाई. मशीन चालू झालं की मी मधल्या खोलीत जाऊन उशीत तोंड घालून खोकायची. आवाजात कळायचं न्हाई. बंद झालं की दम धरून बसायची... ह्यांनी पुन्यांदा करवतीवर पोतं टाकाय नको म्हनून."

मी कप खाली ठेवला. गेल्या वर्षीची एक दुपार डोळ्यांसमोर आली. मी शेडमध्ये गेलो तर ते यंत्र घरघरत होतं आणि करवतीला पातंच नव्हतं. पातं काढून, तेल लावून, कागदात गुंडाळून फळीवर ठेवलेलं. भानुदास कोपऱ्यात बसून हाताने रंधा मारत होता. मी त्याला वीज फुकट घालवतोस म्हणून झापलं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे चालू थोडा येळ." त्याचं डोकं म्हातारपणी फिरलंय असं मी घरी जाऊन सांगितलं होतं. आता कळलं की त्याला सगळं ठाऊक होतं. करवत त्याने केव्हाच सोडून दिली होती, आणि यंत्र चालवत होता ते फक्त आतल्या खोलीत वहिनींना मोकळं खोकता यावं म्हणून. चार भिंतींच्या आत राहून दोघं एकमेकांशी हे एकदाही बोलले नाहीत. मला दोघांचाही राग आला. त्या रागाचं करायचं काय, तेही सुचेना. वहिनींना सांगावं म्हणून तोंड उघडलं.

तेवढ्यात त्यांना उबळ आली. माझ्यासमोर त्या तोंडाला पदर लावून दाबत राहिल्या, डोळ्यांत पाणी आलं, आणि उठून मधल्या खोलीत गेल्या. दार लोटल्याचा आवाज आला. घर इतकं शांत होतं की त्यांचा दाबलेला खोकला मला बाहेर ऐकू येत होता.

मी उठलो, मागच्या दाराने शेडमध्ये गेलो आणि बटण दाबलं. पंखा घुमला. मी तिथेच स्टुलावर बसून राहिलो... त्यांचं होईपर्यंत.