माझ्या हातची बोहनी

एका हिवाळ्यात अमरावतीच्या आमच्या घरात चार माणसं राहत होती आणि दोनशेच्या आसपास वांगी. माणसं दाटीवाटीने राहत होती, वांगी ऐसपैस.

दोष माझा होता. म्हणजे माझ्या हाताचा. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि तेवढ्यात त्या हाताची कीर्ती घरात पक्की झाली होती. मी घातलेल्या लोणच्याला बुरशी यायची. मी लाटलेले पापड एकमेकांना असे बिलगायचे, की त्यांना सोडवणं पाप वाटावं. आणि दही तर लागतच नसे. सकाळी भांडं कलतं केलं की आत दूध ते दूधच, फक्त जरा रुसलेलं. माझ्या सासूबाई (त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो) भांडणाऱ्या बाई नव्हत्या. त्या भांड्यात डोकावायच्या आणि वैद्याने नाडी पाहून सांगावं तशा म्हणायच्या, "हिच्या हाताले गुण नाई." शेवटी त्यांनी विरजणाचं भांडं माझ्याकडून काढून घेतलं. वऱ्हाडातल्या सुनेकडून विरजण काढून घेणं म्हणजे शिपायाच्या कमरेचा पट्टा काढून घेणं. ते भांडं परत मिळवायचं, एवढी एकच इच्छा घेऊन मी त्या हिवाळ्यात शिरले.

आमचं घर वलगावकडून बाजारात येणाऱ्या रस्त्यावर. माळ्यांच्या बाया टोपल्या घेऊन पहाटे तिकडून चालत यायच्या. त्यांतली चंद्रभागा एके दिवशी आमच्या ओट्यावर टोपली उतरवून दम खात बसली. मी तिला पाणी दिलं आणि आता पाणी दिलंच आहे तर म्हणून चार वांगी घेतली. दिवसाची पहिली विक्री. तिने माझा पैसा कपाळाला लावला, टोपलीला लावला, आणि गेली.

ऊन नीट चढायच्या आत ती परत आली. टोपली रिकामी!

"बाई, तुमच्या हाताले लय गुण हाय वं," ती म्हणाली. "एक वांगं उरलं नाई. रोजची बोहनी आता तुमच्याच हातची."

माझ्या हाताबद्दल हे वाक्य उच्चारणारी पृथ्वीवरची ती पहिली व्यक्ती. आणि आत्याबाई दारातच उभ्या होत्या! त्या संध्याकाळी विरजणाचं भांडं त्यांनी माझ्यासमोर आणून ठेवलं. "लावून पाह्य," म्हणाल्या. मी दही लावलं. सकाळी पाहते तो काय, दही लागलं होतं! आठवड्याभरात तर ते सुरीने कापावं असं लागू लागलं.

इथे मी थांबायला हवं होतं. कोणीही शहाणी बाई थांबली असती.

दुसऱ्या दिवशी चंद्रभागेसोबत तिची जाऊ आली, मेथी घेऊन. मग गाजरवाली. मग मुळेवाली. मग तुरीच्या शेंगा घेऊन एक म्हातारा. आठ-दहा दिवसांत ओट्यावर पहाटे सात टोपल्या ओळीने मांडलेल्या, आणि सातही जण माझ्या उजव्या हाताकडे पाहताहेत. आता बोहनीची रीत अशी, की त्या वेळी घासाघीस करायची नाही आणि नको म्हणायचं नाही. उतरवलेली टोपली न शिवता परत पाठवली तर तिचा अख्खा दिवस वाया. शिवाय बोहनीच्या गिऱ्हाइकाला माप सढळ. मी चार वांगी मागावी आणि चंद्रभागेने पदरात दहा ओतावी. सात टोपल्यांचं हे औदार्य रोज सकाळी आमच्या घरात येऊ लागलं.

हे कचेरीत कारकून होते. संध्याकाळी डबा ठेवत फक्त विचारायचे, "उद्या कोणत्या रूपात?" कारण भरीत झालं होतं, भरली वांगी झाली होती, काप झाले होते, गच्चीवर वाळवण घातलं होतं. (कचेरीत ह्यांच्या शेजारी जेवायला बसणारे गृहस्थ हळूहळू लांब बसू लागले. हे मला पुढे कळलं.) मी मात्र त्यांना सुनावलं. म्हटलं, आपल्या उशापायथ्याशी राहणाऱ्या माणसाचा माल आपण नाही घ्यायचा तर कोणी घ्यायचा? ती माणसं थंडीत तीन कोस चालत येतात. त्या दिवसांत सभांमधून स्वदेशीची भाषणं व्हायची, त्यातलं थोडंफार घालून मी बोलणं लांबवलं. ह्यांनी मान डोलावली. खरं काय ते विरजणाच्या भांड्याला ठाऊक.

उरलेलं मी अकोल्याला नणंदेकडे धाडलं. बडनेऱ्याला गाडी बदलून एक ओळखीचे गृहस्थ करंडी घेऊन गेले. दुसऱ्या आठवड्यात दुसरी करंडी गेली, तिसऱ्या आठवड्यात त्या गृहस्थांनी ओळख दाखवणं बंद केलं. नणंदबाईंचं पत्र आलं : "वांगी पोहोचली. आम्ही सर्व सुखरूप आहोत. अजून." संक्रांतीच्या आधी त्या स्वतः माहेरी आल्या आणि टांग्यातून एक पोतं उतरवून घेतलं. "वयनी, रिकाम्या हातानं कशी येऊ? आमच्या अकोल्याच्या माळ्यांनी काय पाप केलं?" पोत्यात वांगी होती.

एवढ्या सगळ्यात एकच माणूस तक्रार करत नव्हता. माझे सासरे. मामाजी पानात पडेल ते खायचे, पहाटे मागच्या दाराने काठी घेऊन फिरायला जायचे आणि उन्हं चढल्यावर यायचे. त्या हिवाळ्यात त्यांनी तपकीरही सोडली होती. आम्हाला वाटलं, वैराग्य. वय झालं.

नणंदबाईंच्या पोत्याला कोठीत जागा नव्हती, म्हणून मी ते मागच्या दाराशी ठेवलं. पहाटे मामाजी फिरायला निघाले आणि पोत्यातून निसटलेल्या एका वांग्यावर त्यांचा पाय पडला. गुडघा हा एवढा सुजला! हळद-चुन्याचा लेप लावून त्यांना ओसरीतल्या पलंगावर झोपवलं.

आणि त्याच दिवसापासून माझा हात गेला.

पहिल्या दिवशी चंद्रभागा अर्धी टोपली घेऊन परतली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्याच टोपल्या अर्ध्या. मेथी माना टाकून पडलेली. माझ्या दह्यालाही दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं. आत्याबाईंनी भांड्यात डोकावून पाहिलं आणि झाकण परत ठेवून दिलं. मी घाबरले. तिसऱ्या पहाटे आंघोळ करून, देवाला नमस्कार करून, हाताला कुंकू लावून बोहनी केली. (हसू नका. तुम्ही डाव्याही हाताला लावलं असतं.) काही उपयोग झाला नाही. दुपारच्या आत साती जण ओट्यावर हजर, टोपल्या जवळजवळ तशाच.

"बाई, कावून असं होऊन राहिलं?" चंद्रभागा म्हणाली. "तुमच्याकडून काही शिवाशिव झाली का? संक्रांतीले पोरीले आणाचं हाय मले. मी घरी सांगून बसली, का बाईचा हात हाय म्हणून."

मला रडू यायचं बाकी होतं. माझं जे व्हायचं ते भांड्याचं. हिचे तर सण-वार माझ्या हाताला टांगलेले. तेवढ्यात तो शेंगावाला म्हातारा म्हणाला, "बाईचा हात राहू द्या. ते काठीवाले बाबाजी तीन दिस झाले, दिसले नाई. रोज तेच तर उरलंसुरलं सारं घेऊन जात."

"कोण बाबाजी?" आत्याबाईंनी आतून विचारलं.

चंद्रभागा सांगायला वळली, आणि उघड्या दारातून तिची नजर ओसरीतल्या पलंगावर गेली.

"हे काय माय," ती म्हणाली. "बाबाजी तर इथीच निजले हायेत."

मामाजींनी पांघरूण वर ओढलं, पण उशीर झाला होता.

हळूहळू सगळं निघालं. पहिल्या दिवशी एका मित्राच्या शेतात भरिताचं जेवण होतं म्हणून मामाजींनी चंद्रभागेची उरलेली सगळी वांगी बाजारात उचलली होती. घरी येऊन पाहतात तर सून हरखलेली आणि विरजण सुरू झालेलं. मग दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम गेले. तिसऱ्या दिवशीही. तपकीर त्यातच गेली होती.

"पोरीच्या हाताले कोणी पहिल्यांदा बरं म्हटलं होतं," मामाजी छताकडे पाहत म्हणाले. "चार पैशांसाठी तिचं मन कायले मोडायचं?"

मी तिथे उभी होते. उजवा हात पदराखाली लपवला. पण माझ्याकडे एक गोष्ट अजून उरली होती. वांगी मामाजींची असतील, दही तर माझं होतं! तो गुण माझ्याच हाताचा ना?

त्याच वेळी दारात रेंगी थांबली. मामाजींचे शाळासोबती नानाजी, ज्यांच्या संत्र्याच्या बागेतून आमच्याकडे म्हशीचं दूध यायचं, ते मित्राचा गुडघा पाहायला आपली ही छोटी बैलगाडी घेऊन स्वतः आले होते. पलंगावर बसत त्यांनी गुडघ्याकडे पाहिलंही नाही.

"काहून रे, तीन दिवसांपासून भाजी धाडली नाई? रेंगी रिकामीच परत येऊन राहिली. मेथी-गाजराची सवय लागली म्हशीइले. आता कडब्याले तोंड लावत नाईत, अन् दूध पहा, पाणी झालं पाणी."

आत्याबाई माझ्याकडे पाहत होत्या. मी जमिनीकडे.

मग नानाजींनीच चंद्रभागेला सांगितलं, की उरेल तो माल रोज रेंगीत टाकत जा, काय द्यायचं ते मी देईन, म्हशींपुढे माझं काही चालत नाही. चंद्रभागेने टोपली डोक्यावर घेतली. जाताना मला म्हणाली, "तरी बोहनी तुमच्याच हातची, बाई. तुमी केली म्हणून तर बाबाजी आले." मला ते अजूनही पटतं. दुसऱ्या कोणाला पटलेलं आठवत नाही.

सगळे गेल्यावर आत्याबाई स्वयंपाकघरात आल्या. दह्याचं भांडं कलतं केलं. पातळ धार लागली. त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि त्या हिवाळ्यात प्रथमच माझ्याकडे बघून हसल्या.

"हं," म्हणाल्या, "आता कसा, हात आपला वाटते." आणि विरजणाची वाटी पुन्हा माझ्याकडून काढून घेऊन गेल्या.

भांड्यात राहिलेल्या दह्याची मी मुकाट्याने कढी केली. वांगी घालून.